लढाईपुरती घेतलेली जमीन

पार्ल्यात वाढलेल्या माणसाला विमानाचा आवाज ऐकू येत नाही. पाहुणे बोलता बोलता थांबतात, छताकडे बघतात. आम्ही आवाज जरा चढवून वाक्य पुरं करतो. पण हा आवाज मुळात सुरू कधी झाला, असं आमच्या घरात कुणी विचारलं की एकमत होत नसे. आजोबा म्हणत, "बेचाळीस साली. गांधीजींना पकडलं त्याच सुमारास." आत्या म्हणे, "छे! त्याच्या कितीतरी आधी. मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागले तेव्हाही विमानं होतीच की." आणि सहार गावातून डोक्यावर भाजीची टोपली घेऊन येणारी मावशी आमच्या पायरीवर टेकत या भांडणात तिसरंच काही घालायची. "आमचा भात कापाचा होता तवा." सन तिला विचारायचं नाही. सन तिला ठाऊक नव्हता.

तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. आत्याची विमानं जुहूची, आजोबांची सांताक्रूझची. मावशीच्या बोलण्यात विमान नव्हतंच, जमीन होती.

जुहूचं आधी. तिथला विमानतळ १९२८ चा. भरतीचं पाणी जवळ, जमीन चिखलट, पावसाळ्यात तर नुसतं तळं. जे. आर. डी. टाटा तिथल्याच फ्लाइंग क्लबात उडायला शिकले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते एकट्याने कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढं बेल्लारी आणि मद्रासकडे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल नेलं. त्या दिवशी शनिवार होता. आजोबा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत कारकून, शनिवारी कचेरी अर्धा दिवस. "इतिहास घडत होता तेव्हा मी चर्चगेटच्या लोकलमध्ये दांडीला धरून उभा होतो," असं ते सांगत. यात खंत नसे, थोडा अभिमानच असे. आजोबांच्या पिढीला इतिहासाला हजर असण्यापेक्षा गाडी वेळेवर पकडण्याचं कौतुक जास्त.

पण जुहूची खोड टाटांनाही पहिल्याच पावसाळ्यात कळली. मैदान पाण्याखाली गेलं की सगळा कारभार उचलून पुण्याला न्यावा लागे. चार महिने बंद राहणारा विमानतळ हौशी क्लबाला चालतो, टपालालाही ओढूनताणून चालतो. लढाईला तो चालत नाही.

म्हणून रुळांच्या पलीकडची, पूर्वेची जमीन. जुहूपासून दोनेक किलोमीटर आत, पार्लं आणि अंधेरी यांच्या पूर्वेला, कुर्ल्याकडे सरकत जाणारी सपाटी. तिथं भातखाचरं होती, ताडाची झाडं होती, विहिरी होत्या, मधून मिठी नदी वाहत होती. १९२८ ते १९३४ या काळात तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्ब्याहून, कुर्ल्यामार्गे अंधेरीला एक छोटी रेल्वेही याच भागातून जात होती. सेंट्रल साल्सेट ट्रामवे असं तिचं नाव. सहा वर्षांत ती बंद पडली. कलिन्यात सी. एस. टी. रोडवर रोज कोंडीत अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो रस्ता छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावाचा वाटतो. ती आद्याक्षरं या मेलेल्या आगगाडीची आहेत. रेल्वे गेली आणि तिशीच्याच दशकात तिथं विमानतळाची आखणी झाली. सुमारे पंधराशे एकर, तीन धावपट्ट्या. १९४२ पासून १९४७ पर्यंत तिथं रॉयल एअर फोर्सचा तळ होता आणि वेगवेगळ्या स्क्वाड्रनचा मुक्काम पडत होता. नाव पडलं सांताक्रूझ, कारण नकाशावर जवळचं ठळक स्टेशन ते. जमीन मात्र सहारची, कोळेकल्याणची, मरोळची, बामणवाड्याची, चकाल्याची.

ही गावं मुंबईपेक्षा जुनी. कोळेकल्याणच्या चर्चची स्थापना १६०६ ची, म्हणजे साष्टीत पोर्तुगीज असतानाची. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हाही ही माणसं इथंच भात लावत होती. धर्म ख्रिस्ती, बोली मराठी, बायकांचं नेसणं लुगडं. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्वतःला लावून घेतलं. आमची मावशी त्यांतलीच. तिची गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली, आणि दरवेळी ती त्याच क्रमानं सांगायची. आधी गावात एक साहेब आणि एक कारकून आले. त्यांनी खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या. खुंटी तिच्या बापाच्या उभ्या भातात होती. मग पोलीस पाटलानं सांगितलं, लढाई आहे, सरकारला जागा पाहिजे, लढाई संपली की मिळेल परत. भात हिरवा असतानाच रोलर आला.

"मग बाबांनी काय केलं?" मी विचारायची.

"काय करंल? दगड उचलाला गेला. रोज मिलाचा."

ज्या खाचरात भात लावला त्याच खाचरात खडी पसरायला रोजावर जायचं, हे तिच्या घरात घडलं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे. भाजी निवडता निवडता सांगे, आणि मध्येच आईला, "ही मेथी कोवळी हाय, पालक घेऊ नको आज," असंही म्हणे. रोजाचे पैसे बरे होते, हेही ती लपवत नसे. युद्धानं शेत घेतलं आणि युद्धानंच दोन वर्षं घर चालवलं. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या. ज्यांना इतिहासात एकच खलनायक लागतो त्यांची इथं पंचाईत होते.

पोलीस पाटलाच्या त्या "लढाई संपली की" या शब्दांवर मी पुढं बरंच वाचलं. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ या कलमाखाली सरकारला कुणाचीही जमीन, इमारत, गोदाम हुकुमानं ताब्यात घेता येत असे. ही मालकी नव्हे, ताबा, गरजेपुरता. पण १९४५ मध्ये लढाई संपली आणि १९४७ मध्ये ताब्यातल्या जमिनी पुढंही हातात ठेवता याव्यात म्हणून वेगळा कायदा झाला. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेनं ताबा आणि संपादनाचा आणखी एक कायदा केला. म्हणजे साहेब गेला, पण साहेबाचं कलम नव्या सरकारला आवडलं. हे फक्त मुंबईत झालं असं नाही, देशभर झालं. तरी गावातल्या माणसाला दिलेला शब्द आणि कायद्याच्या पुस्तकातला शब्द यांत केवढं अंतर असतं, ते बघायला या भागात फार लांब जावं लागत नाही.

आता आजोबांचा तळ. तो कुंपणाबाहेरून पाहिलेला, त्यामुळे त्यात रोमांच जास्त. पार्ल्यानं बारा वर्षांत दोन छावण्या पाहिल्या. पहिली १९३० ची, मिठाच्या सत्याग्रहातली, जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रुवाला यांची. आजोबांनी तिथं चोरून मीठ विकत घेतलं होतं आणि रेल्वेच्या नोकरीपायी ते कुणाला दाखवलं नव्हतं. दुसरी १९४२ ची, खाकी, काटेरी तारांची. पहिलीत आत जायला कुणालाही मोकळीक होती, फक्त पुढं तुरुंग होता. दुसरीच्या दारावर संगीन. पार्ल्याच्या स्टेशनवर गोरे सोल्जर दिसायला लागले, टॉमी म्हणायचे त्यांना. लष्करी ट्रक सहार रोडनं धुरळा उडवत जायचे. मरोळमध्ये जो रस्ता आजही मिलिटरी रोड म्हणून ओळखला जातो आणि कलिन्यात जो मिलिटरी कॅम्प आजही लष्कराकडे आहे, ती या काळाची उरलेली नावं. बाकी पाट्या बदलल्या, या राहिल्या.

मुंबईपासून आघाडी फार लांब, ब्रह्मदेशात. या तळावरून लढाई झाली नाही. माणसं आणि सामान बंदरात उतरायचं आणि पुढं पूर्वेकडे जायचं, त्या वाहतुकीतला हा एक थांबा. पण हे आज कळतं. त्या वेळी पार्लेकरांची खात्री होती की तळ आहे म्हणजे बाँब पडणारच. भीती निराधार नव्हती. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी कोलंबोवर आणि पाठोपाठ विशाखापट्टण, काकिनाड्यावर बाँब टाकले होते. त्या वसंतात मुंबईतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात, देशावर, जिथं म्हणून चुलत-मावस कुणी असेल तिथं निघून गेली. आमची आजी आत्याला घेऊन राजापूरला गेली. चार महिन्यांनी परत आली, कारण तिकडच्या जावेशी पटेना. "जपानी परवडला," असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

परत आल्यावर ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, दिव्यांना टोप्या, गल्लीतून फिरणारा वॉर्डन. त्यात मे १९४३ पासून रेशनिंग. गहू-तांदूळ रांगेत, आणि हवेत पार्ले कंपनीच्या बिस्किटांचा गोड वास. तो कारखाना १९२९ पासून स्टेशनाजवळ होता, आणि युद्धात तिथली ग्लुकोज बिस्किटं सैन्याकडे जात होती. आत्याच्या आठवणीत सगळं युद्ध त्या वासाचं आहे. घरी ज्वारीची भाकरी, बाहेर भट्टीतून ताज्या बिस्किटांचा घमघमाट, आणि ती बिस्किटं खाणार कोण, तर कुंपणाआडचे लोक. हा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा पार्ल्यातली अर्धी म्हातारी माणसं उगाचच हळवी झाली. आत्या झाली नाही. ती म्हणाली, "मला तेव्हा एक पुडाही कुणी दिला नाही."

मग १४ एप्रिल १९४४. संध्याकाळचे चार वाजून गेले होते. आत्या अंगणात सागरगोट्या खेळत होती. खिडक्यांची तावदानं थडथडली, कपाटातली भांडी वाजली, आणि आजी ओरडली, "आले रे!" सगळ्यांनी पूर्वेला, तळाच्या दिशेनं पाहिलं. तिकडं काहीच नव्हतं. काळा लोळ दक्षिणेला दिसत होता. गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, वर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. स्फोटाचा धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला, मग पार्ल्यात भांडी वाजली यात नवल काय! आमच्या गल्लीत मात्र कितीतरी वर्षं हा जपान्यांचा बाँबच होता. सरकारनं लपवलं, असं छातीठोकपणे सांगणारे काका मी स्वतः पाहिले आहेत. वडीलधाऱ्यांच्या आठवणींचं असंच असतं. आवाज कुठल्या दिशेनं आला, तेव्हा हातात काय होतं, हे त्यांना चोख आठवतं. कारण मात्र ते शेजाऱ्याकडून उसनं घेतात. म्हणून मी त्यांचं आठवणं विश्वासानं घेते आणि कारण दुसरीकडे तपासते.

आजोबांची सर्वांत लाडकी गोष्ट १९४६ ची, आणि ती मात्र तपासाला पुरी उतरते. १८ फेब्रुवारीला 'तलवार' या मुंबईतल्या नौदल तळावर नाविकांनी काम थांबवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या पाठिंब्यासाठी मरीन ड्राइव्ह आणि अंधेरी इथल्या छावण्यांतले रॉयल इंडियन एअर फोर्सचे हिंदी जवानही संपावर गेले, हे फारसं कुणी सांगत नाही. महिनाभर आधी कराची, कानपूर अशा ठिकाणच्या तळांवर खुद्द गोऱ्या हवाई सैनिकांनी संप केला होता. त्यांचं म्हणणं साधं, लढाई संपली, आता घरी सोडा. गोऱ्यांचा संप घरी जाण्यासाठी आणि आपल्यांचा संप त्यांनी घरी जावं म्हणून, असं आजोबा सांगत आणि स्वतःच हसत. त्या आठवड्यात गाड्या बंद, गिरणगावात गोळीबार. आजोबा दादरहून रुळांवरून चालत पार्ल्याला आले. वाटेत निळसर खाकी गणवेशातली पोरं "जय हिंद" म्हणत हात करत होती, असं ते सांगत. सरकारी नोकरीत असल्यामुळे आपण उत्तर दिलं नाही, मान मात्र हलवली, एवढीही भर ते प्रामाणिकपणे घालत. अंधेरीच्या त्या संपाची कसलीही खूण अंधेरीत नाही. मेट्रोची स्टेशनं आहेत, मॉल आहेत. एक साधी पाटी लावायला फार जागा लागली नसती.

१९४७ मध्ये तळ रिकामा झाला. गावातले लोक कुंपणापाशी येऊन उभे राहिले असं मावशी सांगायची. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, साहेब चालला होता, म्हणजे आता जमीन. पण धावपट्टी उचलून भात लावता येत नाही, आणि नव्या देशाला विमानतळ हवा होता. जुहूचा व्यवहार १९४८ मध्ये इकडे आला. प्रवासी कुठं बसवायचे? तर रॉयल एअर फोर्सच्याच जुन्या हँगरमध्ये. मुंबईचं पहिलं मोठं प्रवासी टर्मिनल म्हणजे विमानं दुरुस्त करायची शेड, आत बाकडी आणि पंखे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं ते याच तळावरून. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला युरोपात माँ ब्लाँवर कोसळलं, आणि पार्ल्यातल्या काही घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

कारण तोवर पार्लं आणि कलिना ही विमानाची गावं झाली होती. आमच्या शेजारचे मेकॅनिक काका सगळी हयात त्या जुन्या हँगरमध्ये राबले. लढाईतली शिल्लक डकोटा विमानं स्वस्तात विकली गेली तेव्हा देशात छोट्या विमान कंपन्यांचं पेव फुटलं होतं. काकांच्या मते डकोटा हे देवानं बनवलेलं विमान, त्यानंतरची सगळी माणसांनी बनवलेली. १९४९ च्या ३० जानेवारीपासून रात्रीचं टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं नागपूरला यायची, थैल्या बदलायची आणि पहाटे आपापल्या गावी परतायची. काका रात्रपाळीला निघताना काकू डबा देत आणि म्हणत, "नागपूरकर आले की या." १९५३ मध्ये कंपन्या सरकारी झाल्या, काका पेन्शनीचे झाले, आणि लढाईतली ती शेड त्यांना देवळासारखी वाटू लागली. मावशीला तीच शेड दिसली की तोंड फिरवावंसं वाटायचं. दोघांची घरं एकमेकांपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

एक गमतीची गोष्टही सांगायलाच हवी, कारण ती दोन तळांच्या शेजारपणातून झाली. जुहू आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, पूर्व-पश्चिम, आणि समुद्राकडून येताना आधी जुहू लागतं. १५ जुलै १९५३ ला बी. ओ. ए. सी.चं कॉमेट, त्या वेळचं जगातलं सर्वांत नवं जेट, चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. आत्या तेव्हा कॉलेजात. पावसात छत्र्या घेऊन सगळं पार्लं ते बघायला गेलं. हलकं करून, नऊएक दिवसांनी ते तिथून उडवून नेलं. धडा मिळाला, असं वाटावं तर २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डी. सी.-८ तसंच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढं गेलं. माणसं वाचली, विमान मोडीत निघालं. ते मी शाळेच्या गणवेशात पाहिलं. चिखलात नाक खुपसून पडलेलं पांढरं विमान, शेपटीवर लाल करकोचा. आजी माझ्याबरोबर होती. तिनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "आले शेवटी. तीस वर्षं उशीर केला."

जेट आली आणि तळ पुन्हा जमीन मागू लागला. १९५८ मध्ये सांताक्रूझला नवी इमारत झाली होती, ती दहा वर्षांत तोकडी पडली. १९६७ मध्ये टाटा समिती बसली. आंतरराष्ट्रीय टर्मिनल वेगळं बांधा, असं तिनं सांगितलं आणि जागा निघाली सहारची. १९७९ मध्ये सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागली, घाई आणखी वाढली. १९८१ च्या जानेवारीत सहारचं टर्मिनल सुरू झालं. मावशीच्या भावांची उरलेली वाडी या फेरीत गेली. या वेळी लढाई नव्हती, त्यामुळे परत देण्याचा शब्दही नव्हता. मावशी त्यानंतर भाजी आणेनाशी झाली. मरोळच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागली. मी तिला तिथं भेटले तेव्हा विमान डोक्यावरून गेलं आणि तिनं बोलणं थांबवलं. पार्लेकरणीसारखी आवाज चढवून बोलायची सवय तिनं लावून घेतली नव्हती.

माणसांसारखीच नदीही हलवली गेली. विहार-पवईकडून येणारी मिठी विमानतळाच्या हद्दीत काटकोनात वळवली आहे आणि धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ती वेधशाळा विमानतळाच्या आवारातच आहे, म्हणून मुंबईच्या प्रलयाचा आकडा या तळाच्या नावानं लागला. कुर्ला, कलिना, बैलबाजार, जरीमरी बुडाली. माधवराव चितळे समितीनं मिठीच्या दुर्दशेची कारणं सांगताना नदीच्या या तोडमोडीकडेही बोट दाखवलं. खाचरं असती तर पाणी खाचरांत साठलं असतं, हे मावशीच्या भावाचं म्हणणं. त्यासाठी त्याला समिती लागली नव्हती.

आज मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटरची आहे, आणि दुसरी तिला मध्येच छेदते. एवढ्या मोठ्या शहराचा विमानतळ दोन एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांवर चालतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्या काळी रेषा आखणाऱ्यांना वारा कुठूनही आला तरी उतरता यायला हवं होतं. तासाला चाळीस-पन्नास विमानं येतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या रेषांचा दंड पार्ल्याला आणि घाटकोपरलाही बसतो. विमानं असल्फ्याच्या टेकडीवरून खाली येतात, म्हणून इमारतींच्या उंचीला मर्यादा. पार्ल्यात विमानांच्या वाटेखालच्या, म्हणजे फनेल झोनमधल्या, कितीतरी जुन्या इमारती पुनर्विकासाविना टेकू लावून उभ्या आहेत. विमानतळाच्या जागेवर सुमारे तीनशे एकरांत झोपड्या आहेत. त्यांतल्या माणसांना बेकायदा म्हणतात. ते म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना या जमिनीचा सातबारा १९४२ पूर्वी कुणाच्या नावावर होता, हे विचारावंसं वाटतं?

या प्रश्नाला जिवंत उत्तर हवं असेल तर कल्याणजवळ नेवाळीला जावं. तिथंही युद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी सोळाशे एकरांहून अधिक जमीन घेतली. सांताक्रूझसारखा तिथं विमानतळ वाढला नाही, विमानं गेली आणि शेतकरी पुन्हा कसू लागले. मग नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली, आणि २२ जून २०१७ ला मलंग रोडवर गाड्या जळल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, माणसं जखमी झाली. शेतकऱ्यांचं म्हणणं अक्षरशः मावशीच्या बापाचं होतं. लढाईपुरती घेतली, लढाई संपली, परत द्या. पंच्याहत्तर वर्षांनीही ते वाक्य नेवाळीत रस्त्यावर येतं. सहारमध्ये ते येत नाही, कारण तिथं त्या वाक्यावरून दिवसाला आठ-नऊशे विमानं जातात.

विमानतळ उचलून भात लावा, असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. मी याच विमानतळावरून मुलीला भेटायला जाते. पण टर्मिनल दोनमध्ये देशभरच्या कलावस्तूंची तीन किलोमीटर लांबीची भिंत उभी करता येते, तर त्याच छताखाली सहार, चकाला, मरोळ, बामणवाडा आणि कोळेकल्याण या पाच गावांची नावं, आणि अंधेरीच्या १९४६ च्या संपाच्या दोन ओळी, ठळक मराठीत लिहायला हव्यात. ते काम विमानतळ चालवणाऱ्यांचं. आपलं काम वेगळं आहे. या गावठाणांतल्या ज्या घरांत चाळिशीच्या दशकातल्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, जुने सातबारे ट्रंकेत पडले असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून एक संच जवळच्या ग्रंथालयात द्यावा. आणि घरात नव्वदीतलं कुणी असेल तर या पावसाळ्याच्या आत त्यांच्याजवळ बसावं. त्यांना सन विचारू नये. बांध कुठं होता आणि विहीर कुठल्या अंगाला होती, तेवढं विचारून लिहून घ्यावं.